दोन मिलिमीटरसाठी

माझा निकॉन डी९० कॅमेरा भाचीकडे गेला तेव्हा त्याच्यासोबत १८-१०५ मिमीची झूम लेन्सही गेली. (मिमीचा आकडा लहान तेवढं दृश्य रुंद म्हणजे वाइड, मोठा तेवढं लांबचं जवळ.) २००८ साली निकॉनने ही लेन्स डी९० सोबतच आणली होती, माझ्याकडेही दोघं एकाच खोक्यातून आले होते, आणि नुकती फोटोग्राफी शिकू लागलेल्या मुलीच्या हातात नुसती बॉडी ठेवण्यात काही अर्थ नव्हता. मी स्वतःसाठी सेकंडहँड डी७१०० आधीच घेऊन ठेवला होता, तोही बिनलेन्सचा. घरात उरली फक्त ३५ मिमी एफ/१.८ लेन्स. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. जेमतेम २०० ग्रॅमची, देवळाच्या गाभाऱ्यातल्या समईच्या उजेडातही काम करणारी. पण गडावर किंवा वारीत फक्त ३५ घेऊन जाणं म्हणजे श्रीखंड-पुरीच्या पंगतीत उपास धरून बसणं.

तेव्हा एक सर्वकामी झूम हवी होती. मिळेल त्या वेळी, मिळेल त्या जागी, बॉडीवरून न काढता चालेल अशी. बजेट विसेक हजारांचं, म्हणजे सेकंडहँडच. ओळखीतल्या एकाने लगेच विचारलं, "अरे, आता डीएसएलआरची लेन्स कोण घेतं?" प्रश्न बरोबर होता. कॅनन आणि निकॉन या दोघांचंही सगळं लक्ष मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, गेलंय. पण त्याच कारणाने लोक आपापल्या जुन्या लेन्स विकायला काढतायत आणि एकेकाळी जिच्या किमतीकडे बघून दुकानाबाहेर पडायचो ती लेन्स आता परवडते. शिवाय ज्या लेन्समध्ये स्वतःची फोकस मोटर आहे, म्हणजे निकॉनची एएफ-एस जातीची, ती उद्या झेड मालिकेतल्या मिररलेसवर एफटीझेड अ‍ॅडाप्टर लावून ऑटोफोकससकट चालते. पैसे अगदीच पाण्यात जाणार नव्हते.

झूमच का, दोन चांगल्या सिंगल लेन्स का नाहीत, हे मला वारीने शिकवलं. लोणंद सोडल्यावर चांदोबाचा लिंब इथे माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं. दोन्ही बाजूंना वारकऱ्यांच्या रांगा, मधून वाट मोकळी. आधी ती अख्खी वाट हवी, पताकांसकट, म्हणजे जेवढी वाइड मिळेल तेवढी. मग अश्व सुटतो. तो समोर येईपर्यंत पन्नास-सत्तरवर यायचं, आणि तो गेला रे गेला की लोक त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला वाकतात, तिथे तर वेळच नाही. हे सगळं काही क्षणांत. त्यात धूळ, बुक्का, आणि मध्येच एखादी सर. अशा जागी लेन्स काढणं म्हणजे सेन्सर उघडा टाकणं. एकदा मी काढली होती. पुढच्या महिनाभरातल्या प्रत्येक फोटोत आकाशात तोच एक राखाडी ठिपका.

दुकानं धुंडाळण्याआधी मी लाइटरूम हे फोटोंचं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात मेटाडेटाच्या (फोटोसोबत साठवलेल्या माहितीच्या) फिल्टरमध्ये फोकल लेन्थचा, म्हणजे लेन्सच्या मिमीचा, रकाना असतो. कोणत्या मिमीवर किती फोटो काढलेत ते आकड्यांत समोर येतं. डी९० वरची कित्येक वर्षांची फाइल होती. सल्ला सगळे हाच देतात: तुम्ही कुठली फोकल लेन्थ जास्त वापरता ते बघा आणि तीनुसार लेन्स घ्या. मी बघितलं. १८ वर एक डोंगर, १०५ वर एक डोंगर, मध्ये पठार.

यावरून काय ठरवणार? मला १८ आणि १०५ आवडतात असं? डोंगर झूमच्या दोन टोकांना होते, म्हणजे रिंग जिथे अडकते तिथे. रिंग आणखी फिरली असती तर मी आणखी फिरवली असती. हे आकडे माझी आवड सांगत नव्हते, माझी अडचण सांगत होते. म्हणून दुसऱ्यांदा फक्त ठेवलेले फोटो मोजले, म्हणजे ज्यांना मी स्वतः तारे दिले होते ते. आता चित्र बदललं. १८ चा डोंगर जवळपास तसाच राहिला. १०५ चा मात्र निम्म्याहून जास्त ढासळला. टोकाला जाऊन टिपलेले बरेचसे फोटो दोन पावलं पुढे जायचा आळस केल्यामुळे १०५ वर होते, आणि तारा मिळण्याच्या लायकीचे नव्हते. उरले ते दरीपलीकडचे गड, कड्याला चिकटलेले ट्रेकर, आणि भाचीचे तिच्या नकळत काढलेले चेहरे.

म्हणजे तोकडी पडत होती ती वाइड बाजू. हे मनात धरून स्पेसिफिकेशनचे तक्ते वाचले तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा नीट डोक्यात शिरली. डीएक्स बॉडीवर, म्हणजे माझ्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १८ मिमीला कर्णाचा कोन, म्हणजे फोटोच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मावणारं दृश्य, ७६ अंश मिळतो. १६ मिमीला ८३. दोन मिलिमीटरमध्ये सात अंश. आता दुसरं टोक घ्या. २०० मिमीला ८ अंश आणि ३०० ला ५ अंश २० मिनिटं. तिथे शंभर मिलिमीटर वाढवून कोन पावणेतीन अंशांनीही बदलत नाही. अर्थात टेलीकडे, म्हणजे लांबच्या टोकाला, अंशांची वजाबाकी फसवी आहे, तिथे एकेका अंशाने विषय भराभर मोठा होतो, हे कबूल. पण खोक्यावर १८-३०० असं छापलेलं असतं तेव्हा डोळे सरळ ३०० वर जातात आणि आधीचा १८ कोणी वाचतच नाही.

मग उमेदवार. १८-१४० ही मला सगळ्यात सरळ वाटली. २०१३ ची, ४९० ग्रॅम, धातूचं माउंट, आणि किटमधून काढलेल्या तिच्या प्रती बाजारात ढीगभर. पण सुरुवात पुन्हा १८ वर. १६-८० एफ/२.८-४ ई ही २०१५ ची. ती बघून मन फार चाळवलं. उजेड जास्त, वजन ४८० ग्रॅम. तिचा सेकंडहँड भावही माझ्या बजेटच्या बराच पुढे होता, आणि शिवाय एक खोच होती: तिच्या नावातला 'ई' म्हणजे अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) विजेवर चालतं, लिव्हरवर नाही. डी९० सारख्या जुन्या बॉडीला ते आवरत नाही. मामा-भाचीत लेन्सची देवाणघेवाण चालू राहणार हे उघड होतं, कारण पहिल्याच आठवड्यात तिने फोन करून विचारलं होतं, "मामा, तू नवीन घेतलीस की मला कासला देशील ना?"

सिग्माची १७-७० एफ/२.८-४ खूप दिवस डोक्यात होती. ती विषयाच्या २२ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. कासच्या पठारावर गुडघे टेकून बसणाऱ्याला याचं मोल कळेल, कारण तिथली बरीचशी फुलं नखाएवढी. पण ७० ला संपते, आणि पुढेमागे झेडवर जायचं तर दुसऱ्या कंपन्यांच्या जुन्या लेन्स एफटीझेडवर चालतीलच याची हमी निकॉन घेत नाही. टॅमरॉनची १६-३०० कागदावर तर माझ्यासाठीच बनवल्यासारखी होती: १६ पासून सुरू, ५४० ग्रॅम, ३०० ला संपते. जवळपास एकोणीसपट झूम. इतका पसारा एका नळीत बसवताना कोणत्याही कारागिराला कुठे ना कुठे सोडून द्यावं लागतं, आणि ते बहुतेकदा कोपऱ्यांत आणि लांबच्या टोकाच्या उजेडात सोडलेलं असतं. डी९० च्या १२ मेगापिक्सेलवर ते खपून गेलं असतं. डी७१०० चे २४ मेगापिक्सेल आहेत आणि त्याच्या सेन्सरवर लो-पास फिल्टर (बारीक तपशील किंचित मऊ करणारा थर) नाही. हा कॅमेरा लेन्सची झाकली मूठ झाकलेली ठेवत नाही.

तरीही ३०० चा मोह जाईना. तेव्हा निकॉनची १८-३०० एफ/६.३ वाली शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणली आणि हरिश्चंद्रगडावर नेली. लेन्स घेण्याआधी भाड्याने आणायचं हे लोकांना खर्चिक वाटतं. माझ्या मते नुसते रिव्ह्यू वाचत घालवलेल्या महिन्यांपेक्षा ते स्वस्त पडतं. ५५० ग्रॅम हे वजन पाचनईच्या वाटेने चढताना खांद्याला काही वेगळं जाणवलं नाही. जाणवली ती लांबी. ३०० वर नेली की नळी सोंडेसारखी पुढे येते, आणि ढगाळ सकाळी एफ/६.३ वर हात न हलता फोटो यायला शटर हवा निदान १/४५० सेकंद, म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) कुठल्या कुठे. व्हीआर हात थरथरला तर सावरतं. घिरट्या घालणाऱ्या घारीला थोडंच थांबवणार? दोन घारी मिळाल्या, बऱ्या मिळाल्या. मग कोकणकड्यावर आलो. कडा आत वळलेला, वाटीच्या काठासारखा, आणि काठावर पोटावर पडून बघितलं तरी त्याची दोन्ही टोकं १८ मिमीत मावेनात. मागे सरकावं तर कडाच दिसत नाही. इथे पायांनी झूम करा असं सांगणाऱ्याने येऊन दाखवावं.

परत येऊन त्या दोन दिवसांचे फोटो मोजले. १८ वर पुन्हा डोंगर.

निर्णय तिथेच झाला होता, नाव फक्त उरलं होतं: निकॉनची १६-८५ एफ/३.५-५.६. २००८ ची जुनी लेन्स, ४८५ ग्रॅम, माउंट धातूचं आणि त्याभोवती धुळीसाठी रबरी कडं. फिल्टर ६७ मिमीचा, म्हणजे १८-१०५ साठी घेतलेला माझा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) तसाच लागणार. १८-२०० किंवा १६-८० घेतली असती तर ७२ चा नवा घ्यावा लागला असता, आणि चांगला पोलरायझर काही स्वस्त मिळत नाही. अ‍ॅपर्चर लिव्हरवर चालणारं, म्हणजे डी९० वर बिनतक्रार. तिच्यावर नेहमीचा आक्षेप उजेडाचा. ८५ ला एफ/५.६ म्हणजे एफ/२.८ च्या चौथाई प्रकाश. तो खरा आहे, पण माझ्याकडे ३५ होती, जिथे ५.६ ला अंधार तिथे ती काढायची.

आणि १०५ वरून ८५ वर आल्याचं दुःख? तेही कागदावर करून बघितलं. डी७१०० चा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. ८५ ला काढलेल्या फोटोतून १०५ एवढा भाग कापून घेतला तर पावणेसोळा मेगापिक्सेलच्या आसपास उरतात. डी९० चा न कापलेला फोटो सव्वाबाराचा होता. म्हणजे गेलं काहीच नाही, उलट थोडं आलं.

दादरहून गाडी धरून सीएसएमटीला उतरलो आणि बोरा बाजारात शिरलो. फोर्टातल्या या गल्लीत कॅमेऱ्याची दुकानं एकमेकांना खेटून आहेत, आणि वरच्या मजल्यांवर दुरुस्तीवाले. माझ्या खिशात रिकामं कार्ड, एक छोटा टॉर्च, एवढंच. पहिल्या दुकानदाराने १६-८५ चं नाव ऐकून मान हलवली. "साहेब, ती कोण मागतं आता? ही अठरा-दोनशे घ्या, लग्न, टूर, सगळं यातच होतं." त्याचं चुकत नव्हतं. कुटुंबासोबत अष्टविनायक करणाऱ्या माणसाला मीही तीच सांगेन. त्याने हातात दिली म्हणून बघितली. पुढचं-मागचं झाकण काढून मागून टॉर्च मारला आणि आतल्या एका काचेच्या कडेला बारीक पांढरे धागे दिसले, कोळ्याच्या जाळ्याचे तुकडे असावेत तसे. बुरशी. मुंबई-कोकणच्या हवेत पावसाळाभर कपाटात, कातडी पिशवीत बंद ठेवलेल्या लेन्सचं हे ठरलेलं दुखणं. धूळ दिसली तर घाबरायचं नाही, प्रत्येक जुन्या झूममध्ये थोडी असते आणि फोटोत दिसत नाही. धागे दिसले तर मात्र लेन्स काउंटरवर ठेवायची आणि धन्यवाद म्हणायचं. साफ करून मिळते, पण कोटिंग खाल्लं गेलं असेल तर ते परत येत नाही.

१६-८५ तिसऱ्या दुकानात मिळाली, आणि एक नाही, दोन. एक दिसायला कोरी, दुसरीचं झूमचं रबर फुगून सैल झालेलं. मी म्हटलं, दोन्ही लावून बघतो. दुकानदार वयस्कर होते, म्हणाले, "बघा की, निवांत बघा. घेऊन गेल्यावर परत आणण्यापेक्षा इथेच बघितलेलं बरं." दारात उभा राहून, कोपर काउंटरला टेकवून समोरच्या जुन्या दगडी इमारतीचे फोटो काढले. तिथे खिडक्यांच्या ओळी आणि पाट्या होत्या, चारही कोपऱ्यांत काही ना काही सरळ आणि बारीक. १६ वर, ३५ वर, ८५ वर. प्रत्येक ठिकाणी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं आणि मग एफ/८. मागच्या पडद्यावर शंभर टक्के मोठे करून कोपरे बघितले. सगळे कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ती लेन्सची जात. एकच कोपरा इतरांपेक्षा फार मऊ असेल तर आतलं भिंग जागचं हललंय. कोऱ्या दिसणाऱ्या लेन्सचा उजवा वरचा कोपरा एफ/८ लाही पुसट राहिला. मग तिच्या पुढच्या कड्यावरून बोट फिरवलं तर फिल्टरच्या आट्यांजवळ एक चपटी जागा लागली. आधीच्या मालकाच्या हातून कधीतरी पडलेली असणार.

सैल रबरवालीचे चारही कोपरे सारखे होते. मागची अ‍ॅपर्चरची लिव्हर बोटाने हलवून सोडली, पाती टचकन मिटली. तेल लागलेलं असतं तर रेंगाळली असती. माउंटचे स्क्रू बघितले, डोकी झिजलेली नव्हती, म्हणजे उघडलेली नसावी. ८५ ला १/१० शटरवर काही फोटो काढले, व्हीआर चालू आणि बंद. चालू असताना पाट्या वाचता येत होत्या. लेन्स जमिनीकडे धरून हलवली तेव्हा नळी किंचित खाली सरकली. या वयाच्या झूमला एवढं माफ.

भावात रबराचा मुद्दा काढला. ते म्हणाले, "रबर वर दुरुस्तीवाल्याकडे बसवून देतो, त्याचे पैसे नका देऊ, पण भाव हाच." बजेटच्या आत होता. बिल घेतलं, त्यावर सिरियल नंबर लिहून घेतला. हे बिल विम्यासाठीही लागतं आणि उद्या विकताना समोरच्याच्या मनातली शंकाही घालवतं.

घरी एक काम उरलं होतं. डी७१०० मध्ये फोकसची बारीक दुरुस्ती करता येते, एएफ फाइन-ट्यून म्हणतात. पण झूमसाठी एकच आकडा साठवता येतो, १६ ला वेगळा आणि ८५ ला वेगळा असं नाही. टेबलावर तिरकी पट्टी मांडून बघितलं. ८५ ला फोकस थोडा मागे पडत होता, १६ ला ठीक. वाइडला एवढ्या-तेवढ्याने फरक दिसत नाही म्हणून ८५ प्रमाणेच आकडा ठेवला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पुन्हा वारीला गेलो, आणि दिवेघाटात वरून खाली बघताना १६ मिमीत वळणांसकट अख्खी दिंड्यांची रांग बसली तेव्हा खर्च वसूल झाला. सरळ रेषा १६ ला कडेला फुगतात, वाड्याचे खांब काढताना ते सॉफ्टवेअरमध्ये सरळ करावे लागतात, त्यात कडेचा थोडा भाग जातो. त्याची सवय झाली. उरतं ते लांबचं टोक. तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगड ८५ ला लहानच दिसतो, आणि २०० एवढा कापला तर चार-साडेचार मेगापिक्सेल राहतात. फोनवर पाठवायला पुरेसे, छापायला नाहीत. त्या वेळी एएफ-एस ७०-३०० व्हीआर भाड्याने आणतो. ती एकटीच ७४५ ग्रॅमची आहे, विकत घेऊन दर ट्रेकला पाठीवर वागवायची माझी तयारी नाही.